आईचं किती लिहायचं?

बायांनो, कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू ठेवा आणि कान इकडं द्या. आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे. लहान लेकरांना, म्हणजे पहिली ते पाचवीच्या पोरांना, पैशाचा व्यवहार कसा शिकवायचा? शहाणी माणसं याला अर्थशास्त्र म्हणतात. आम्ही त्याला आपला हिशेब म्हणतो.

तुम्ही म्हणाल, आम्हालाच पैशाचं नीट कळत नाही, लेकरांना काय शिकवणार? आम्हीही हेच म्हणत होतो. मग एक गोष्ट घडली.

आमच्यातल्या एका बाईनं दहा हजाराचं कर्ज घेतलं होतं. गटाचं नव्हे, बाहेरचं. दर आठवड्याला २५० रुपये भरायचे, असे ५० आठवडे. व्याज शेकडा २५ सांगितलं होतं. वर्षाला दहा हजारावर अडीच हजार व्याज, हिशेब बरोबर वाटला. तिनं अंगठा दिला नाही, सही केली. ती सातवी शिकलेली आहे. एके दिवशी तिचा चौथीतला मुलगा हप्त्याचं कार्ड घेऊन बसला आणि म्हणाला, "आई, पहिल्या आठवड्यात आपल्याकडं त्यांचे दहा हजार होते, तेव्हा व्याज ५०. शेवटच्या आठवड्यात आपल्याकडं २०० च राहणार, तरी व्याज ५० च कसं?"

तिला उत्तर देता आलं नाही. तिनं तो प्रश्न गटाच्या बैठकीत आणला. आम्हालाही पटकन देता आलं नाही. तो हिशेब पुढं सांगतोच. पण त्या दिवशी एक कळलं. लेकराला गुणाकार-भागाकार शाळेनं शिकवला होता. तो कुठं वापरायचा, हे त्याला घरातल्या कार्डानं शिकवलं. शाळा आणि घर यांच्यामध्ये जी पायवाट आहे, ती आपणच मळायची आहे.

शाळेतला बाजार

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दरवर्षी जानेवारीत पोरांचा बाजार भरतो. तुमच्याकडंही भरत असेल. पोरं घरून भाजी, बोरं, चिंचा, भजी, भेळ आणतात. आपण जातो, कौतुकानं दहा-वीस रुपयांचं घेतो, फोटो काढतो आणि घरी येतो. बाजार संपला की सगळं संपलं.

त्या वर्षी शाळेच्या बाईंनी गटाला बोलावलं. म्हणाल्या, "बाजार झाल्यावर अर्धा तास थांबा. पोरांबरोबर हिशेब करू."

चौथीतल्या एका मुलीनं कांदाभजी केली होती. दहा रुपयाला एक प्लेट, २८ प्लेटा गेल्या. २८० रुपये मुठीत धरून ती नाचत होती. "मला २८० रुपये फायदा झाला!" बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि एकेक विचारत गेल्या. बेसन १ किलो, १०० रुपये. तेल १ लिटर, १४० रुपये. कांदा, मिरची, मीठ, ओवा मिळून ३०. कागदी प्लेटा २०. बेरीज झाली २९०. पोरीचा चेहरा उतरला. २८० आले आणि २९० गेले. दहा रुपये तोटा!

बायांनो, हसू नका. गल्ला म्हणजे नफा, असं समजून आपण किती वर्षं धंदे केले? शेळी विकली, आठ हजार आले म्हणून खूश झालो. तिला घातलेला चारा, पेंड, औषध कधी मांडलं? पहिला धडा हाच. हातात आले ते सगळे आपले नसतात. आधी गेलेले वजा करायचे, मग उरलेले मोजायचे.

हिशेब तिथंच संपला असता. बाईंनी विचारलं, "काही राहिलं का लिहायचं?" एक मुलगा म्हणाला, "गॅस." बरोबर, गॅस राहिला होता. आणि मग मागच्या ओळीतून तिसरीतली एक बारकी पोर उठली. म्हणाली, "तिच्या आईनं पहाटं उठून कांदा चिरला, भजी तळली. आईचं किती लिहायचं?"

आम्ही सगळ्या गप्प. ज्या आईनं भजी तळली ती आमच्यातच बसली होती, ती म्हणाली, "माझं काय लिहायचं? मी तर घरचीच."

बाईंनी खडू खाली ठेवला नाही. पोरांना विचारलं, "हीच आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली असती तर?" समजा रोज ३०० रुपये आणि आठ तास काम. दोन तासाचे झाले ७५. फळ्यावर लिहिलं, आईची मजुरी ७५. गॅस सोडूनच तोटा ८५ झाला.

त्या ७५ आकड्याकडं आम्ही बराच वेळ बघत राहिलो. आपल्या कामाला आकडा असतो, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते एका पोरीनं विचारलं म्हणून फळ्यावर आलं.

शनिवारचा अर्धा तास

त्यानंतर आम्ही ठरवलं. शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास गटातल्या दोघी-दोघी जायचं आणि एकेक गोष्ट करून दाखवायची. पुस्तक नाही, परीक्षा नाही. काय काय केलं ते सांगतो. तुम्हाला जमेल ते उचला.

पहिलं केलं गरज आणि हौस. दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते, आपल्या तालुक्यातली सगळी पोरं जातात. आम्ही प्रत्येकाला कागदाचे २० रुपये दिले. पाळणा २०, भेळ १५, पिपाणी १०, फुगा ५. काय घेणार? पाळणा घेतला की भेळ सुटली. पिपाणी आणि दोन फुगे घेतले की पाळणा गेला. पोरांनी लई भांडण केलं! शेवटी एक पोरगा म्हणाला, "म्हणजे पाळण्याची किंमत २० रुपये नाही, पाळण्याची किंमत भेळ आहे." बायांनो, मोठमोठी पुस्तकं हेच सांगतात. एक निवडलं की दुसरं सोडावं लागतं, आणि जे सोडलं तीच खरी किंमत.

दुसरं, भाव का चढतो आणि का उतरतो. यासाठी आम्ही लांब गेलो नाही. आपलं मंगळवेढं ज्वारीचं कोठार. काळ्या रानातली आपली मालदांडी, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी हे नाव आता कायद्यानं आपल्या मातीशी जोडलेलं आहे, दुसऱ्या भागातली ज्वारी त्या नावानं विकता येत नाही. पोरांना विचारलं, ज्वारी काढल्यावर कडबा स्वस्त असतो आणि उन्हाळ्यात महाग, असं का? कडबा तोच, पेंडी तीच. एकानं सांगितलं, "काढणीला सगळ्यांकडं असतो, मग कोण कशाला घेईल?" दुसरी म्हणाली, "पाऊस कमी झाला की कडबा कमी होतो, पण म्हशी तेवढ्याच असतात." झालं! वस्तू कमी आणि गरजू जास्त, की भाव चढतो. वस्तू जास्त आणि गरजू कमी, की उतरतो. मग विचारलं, तर मग सगळेच गंज लावून उन्हाळ्यापर्यंत का थांबत नाहीत? वर्ग शांत झाला. मग एक पोरगी हळूच म्हणाली, "आमच्या पप्पांना लगेच पैसे लागतात." हेही शिकवायला हवं, बायांनो. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो. ज्याला थांबता येत नाही त्याची मेहनत कमी नसते, त्याच्याजवळची शिल्लक कमी असते. म्हणून बचत.

तिसरं, पट्टी वाचणं. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा जातो आणि घरी पट्टी येते. ती पट्टी घडी घालून कुठंतरी खोचली जाते. आम्ही एक पट्टी पोरांसमोर ठेवली, नावं झाकून. सोपे आकडे घेऊन हिशेब केला. समजा १० गोण्या, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे ५०० किलो. भाव १४ रुपये, झाले ७,०००. गाडीभाडं ८०० गेलं, हमाली-तोलाई २०० गेली. हातात ६,०००. मग त्यातून काढणीची मजुरी, बारदाना, रोपं, खत, पाणी. पोरांनी आपल्या आपण विचारलं, "मग दुकानात कांदा ३० रुपयांना का?" मग वाटेत कोण कोण लागतं ते मोजलं. अडत्या, व्यापारी, टेम्पोवाला, किरकोळ दुकानदार, आणि सडून जाणारा माल. प्रत्येकाचं काहीतरी काम आहे, प्रत्येकाचा काहीतरी हिस्सा आहे. कोणाचा हिस्सा कामापेक्षा जास्त आहे, हे पोरांनी मोठं झाल्यावर ठरवावं. पण विचारायची सवय आत्ता लागते.

चिंचोक्यांचं कर्ज

आता त्या कार्डाचा हिशेब. हा नीट ऐका, कारण हा पोरांपेक्षा आपल्या जास्त कामाचा आहे.

आम्ही ५० चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे २०० रुपये. ५० चिंचोके म्हणजे दहा हजार. एका पोराला सावकार केलं, एकीला कर्जदार. दर आठवड्याला एक चिंचोका परत द्यायचा, आणि वर व्याजाचे ५० रुपये. म्हणजे हप्ता २५०. पोरं देत गेली. २५ आठवडे झाले, अर्धे चिंचोके परत गेले, व्याज ५० च. ४९ आठवडे झाले, पोरीच्या हातात एकच चिंचोका उरला, व्याज तरीही ५० च. म्हणजे २०० रुपये एक आठवडा वापरायचे ५० रुपये! सगळी पोरं ओरडली, "हे चुकीचं आहे!"

मग दुसऱ्या रीतीनं खेळलो. जितके चिंचोके हातात, तितकंच व्याज. दर तोच ठेवला, एका चिंचोक्याला आठवड्याला एक रुपया. पहिल्या आठवड्यात ५० चिंचोके, व्याज ५०. दुसऱ्यात ४९, मग ४८, असं उतरत शेवटच्या आठवड्यात १ रुपया. सगळं मिळून किती? ५० पासून १ पर्यंतची बेरीज. पोरांनी जोड्या लावल्या. ५० आणि १ म्हणजे ५१, ४९ आणि २ म्हणजे ५१, अशा २५ जोड्या. उत्तर १,२७५. पहिल्या रीतीनं व्याज २,५०० आणि दुसऱ्या रीतीनं १,२७५. दर दोन्हीकडं सांगताना एकच!

आपल्या गटात आपण उरलेल्या रकमेवरच व्याज धरतो. बाहेर कर्ज घेताना एकच प्रश्न विचारायचा, "व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर?" हा प्रश्न पाठ करा. आमच्या त्या बाईनं कर्ज फेडलं, हप्ता एकही चुकवला नाही. पण पुन्हा घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं हा प्रश्न विचारला आणि सही न करता उठून आली.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक आहे, हे तुम्हाला माहीत असेल. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ साली ती सुरू झाली. बायकांच्या बँकेचा पहिला अर्ज नाकारला गेला होता, कारण सभासद बायका लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. त्या बाया शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या की व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. अक्षर उशिरा आलं, पण हिशेब डोक्यात होता. तो आपल्याही डोक्यात आहे. तो पोरांपर्यंत पोचवायचा आहे.

दामाजीपंत आणि पावती

मंगळवेढ्यात राहून दामाजीपंतांचं नाव घेतलं नाही तर कसं? पोरांना ती गोष्ट पाठ असते. बहमनी राजवटीत दामाजीपंत इथले कारभारी. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली. सरकारी कोठारात धान्य भरलेलं होतं. दामाजीपंतांनी ते लोकांना लुटवलं. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली. तेव्हा पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, धान्याचे पैसे भरले आणि पंतांना सोडवलं, अशी कथा आहे.

आम्ही पोरांना विचारलं, धान्य कोठारात होतं, मग लोक उपाशी का? पोरं म्हणाली, "त्यांच्याकडं पैसे नव्हते." हेच आपल्या देशाचे अमर्त्य सेन यांनी मांडलं. लहानपणी त्यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ बघितला होता. नुसतं धान्य संपतं म्हणून माणसं मरत नाहीत. विकत घ्यायची ऐपत संपते म्हणूनही मरतात, हे त्यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं. पुढं १९९८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळात आपल्या सासवांनी खडी फोडली, सुखडी खाल्ली. काम दिलं की हातात पैसा येतो, पैसा आला की धान्य घेता येतं. त्यातूनच १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. हे पोरांना आजीच्या तोंडून ऐकू द्या. आजी सांगते ते पुस्तकापेक्षा खोल जातं.

कथेत आणखी एक गोष्ट आहे. विठूनं पैसे भरले आणि पावती घेतली. आम्ही पोरांना सांगतो, प्रत्यक्ष देवानं पावती घेतली, मग आपण कोण लागून गेलो? हप्ता भरला, पावती. खत घेतलं, पावती. पाकिटावरची कमाल किरकोळ किंमत वाचायची आणि तेवढेच द्यायचे. आमच्या गावात आता पोरं दुकानात पाकीट उलटं करून बघतात. वजन पण बघतात. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच राहतो, आत बिस्किटं मात्र कमी होत जातात, हे त्यांनीच आम्हाला दाखवलं.

एक चूक आमची

सगळं सरळ झालं असं नाही. महिनाभरानं एक आई तणतणत आली. म्हणाली, "तुम्ही काय शिकवलंय? पोराला पाण्याचा हंडा आण म्हटलं तर म्हणतो, मजुरी किती देणार?" गावात कुजबुज झाली की लेकरं पैशाची हावरट होतायत.

आमचं चुकलं होतं. आम्ही आईच्या कामाचा आकडा लिहायला शिकवलं, पण तो आकडा कशासाठी हे सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही पोरांना घरातल्या सगळ्या कामांची यादी करायला लावली, आणि ते काम कोण करतं ते समोर लिहायला सांगितलं. पाणी, आई. स्वयंपाक, आई. धारा, आई आणि आजी. भांडी, ताई. मग म्हटलं, या सगळ्यांची मजुरी कोणाकडून मागायची? घरात आपण एकमेकांकडून मजुरी घेत नाही, एकमेकांचं काम वाटून घेतो. आकडा मागण्यासाठी नाही, ओळखण्यासाठी आहे. ज्याचं काम मोजलं जात नाही, त्याला काम नाही असं लोक म्हणतात. तो पोरगा आता हंडा आणतो. बहिणीबरोबर पाळी लावून आणतो.

तुम्ही काय कराल?

सोप्या चार गोष्टी सांगतो. एक, दुकानात पाठवताना लेकराला मोजून पैसे द्या, आणि परत आलेले त्यालाच मोजू द्या. चुकला तर रागावू नका, पुन्हा मोजायला लावा. दोन, आजीला आण्याचा हिशेब विचारायला लावा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे १६ आणे होते. पंचवीस पैशाला अजून आपण चार आणे म्हणतो, आणि ते नाणंही २०११ साली बंद झालं. का बंद झालं? त्यात काही येत नव्हतं म्हणून. पैसा नुसता डब्यात ठेवला तर त्याची ताकद हळूहळू कमी होते, हे इथं कळतं. तीन, मातीचा गल्ला भरला की पोस्टात न्या. दहा वर्षांच्या पुढच्या लेकराला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं, सही त्याचीच. मुलगी दहाच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं आहे, वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात. चार, महिन्याचा खर्च लेकरांसमोर लिहा. घरात तंगी असेल तर लपवू नका. भीती घालू नका, पण लपवूही नका. लेकरांना आकडा झेपतो, आपली चिडचिड झेपत नाही.

आणि शेवटी त्या भज्यावाल्या पोरीचं सांगतो. पुढच्या वर्षी ती पाचवीत होती. बाजाराच्या आठ दिवस आधी वही घेऊन बसली. भजी नको म्हणाली, उरली तर वाया जातात. शेंगाची चटणी करायची ठरवली, ती उरली तरी टिकते. दाणे १ किलो १४० रुपये, तिखट, लसूण, जिरं, मीठ आणि गॅस मिळून ३०, पिशव्या १०. खर्च १८०. ५० ग्रॅमच्या २० पुड्या, १५ रुपयाला एक. सगळ्या गेल्या, ३०० आले. वहीत तिनं आधीच एक ओळ आखून ठेवली होती, आईची एका तासाची मजुरी, ४० रुपये. नफा ८०.

तिनं ते चाळीस रुपये बाजारातच सगळ्यांसमोर आईच्या हातावर ठेवले. आई म्हणाली, "अगं, घरातच तर आहे, कशाला?" पोरगी म्हणाली, "वहीत लिहिलंय."

पुढच्या बैठकीत त्या बाईनं महिन्याच्या बचतीत चाळीस रुपये जादा भरले. आम्ही विचारलं, कुठले? ती म्हणाली, "माझ्या मजुरीचे."

येतो आता. लेकरांना जवळ घ्या, वही उघडा. राम राम.